तबकडीवर नसलेली नावे

रत्नागिरीत मी जमवलेल्या १९५०च्या दशकातल्या हिंदी तबकड्यांवर गायक, संगीतकार, चित्रपट यांची नावे आहेत. व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो वाजवणाऱ्यांची नाहीत. त्यांतले कित्येक गोव्याहून मुंबईत आलेले होते. मासिक पगार देणारे स्टुडिओ मोडीत निघाले आणि वादक रेकॉर्डिंगपुरते बोलावले जाऊ लागले. त्यांच्या मेहनतान्यासाठी १९५२ साली सिने म्युझिशियन्स असोसिएशन उभी राहिली.

मेहनताना हाती पडला, की वादकाचा त्या गाण्याशी संबंध संपे. अमेरिकेतल्या वादक संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांचा झगडा नेमका याच मुद्द्यावर होता. तबकडी वाजते तिथे हजर वादकाची गरज उरत नाही, हे ओळखून त्यांनी १ ऑगस्ट १९४२पासून रेकॉर्डिंग बंद पाडले. भर युद्धात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती करूनही ते हटले नाहीत. नोव्हेंबर १९४४मध्ये आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया नमल्या. तबकड्यांच्या विक्रीतून वादकांच्या सामाईक निधीत पैसे येऊ लागले.

आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याला रॉयल्टीचा हक्क मिळाला. मात्र चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक आणि ज्याचे नाव प्रथेनुसार श्रेयनामावलीत येत नाही, तो या हक्कापुरता ‘सादरकर्ता’ ठरत नाही. वादकाचे नाव गाळण्याची जुनी प्रथा अशा रीतीने त्याच्याच हक्काआड येऊ शकते. म्हणून मला वाटते, वादकांच्या संघटनेने दराइतकेच नावासाठीही भांडायला हवे.