सावित्रीमाईंच्या नावाचं विद्यापीठ



बारावीचा निकाल लागला, की गटात मुलीच्या फीसाठी कर्जाची मागणी येते. कॉलेजच्या फॉर्मवर नाव असतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. ते आपल्या तालुक्यापर्यंत कसं पोचलं, ते आज बघू.

१९४९ साली हे विद्यापीठ पुण्यात सुरू झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. गणेशखिंडीत इंग्रज गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला होता, तीच मुख्य इमारत झाली. तेव्हा बारा जिल्हे होते, पण कॉलेजं अठराच! पुढे १९६२ ला कोल्हापूरचं आणि १९९० ला जळगावचं विद्यापीठ वेगळं झालं. आता पुणे, अहिल्यानगर, नाशिक उरले. कॉलेजं मात्र शेकड्यांनी वाढली.

शिरूरचं बोरा कॉलेज, दौंडचं कटारिया कॉलेज याच विद्यापीठाचं. मुलीला पुण्यात खोली करून ठेवायला घरचे कचरतात. सकाळच्या एसटीनं जाऊन दिवेलागणीच्या आत परत येणार असेल, तर हो म्हणतात. आमच्यातल्या काही जणी तर लग्नानंतर, घरी अभ्यास करून, बहिःस्थ परीक्षा देऊन बी. ए. झाल्या.

१८४८ मध्ये सावित्रीमाई पुण्यात मुलींना शिकवायला निघाल्या, तेव्हा लोकांनी शेण फेकलं. २०१४ पासून विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. लेकीच्या डिग्रीवर ते छापून येतं. पण मधेच स्थळ आलं म्हणून कॉलेज सोडवलं, तर डिग्रीच हुकते.

म्हणून कर्ज देताना आम्ही आईला एवढंच विचारतो : शेवटच्या वर्षापर्यंत शिकवणार ना?