एका 'श'वरून जीव गेला: शिबलेथ

आजचा शब्द आहे 'शिबलेथ'. माझं काम लॉगिन आणि पासवर्डच्या कोडचं, त्यामुळे मला हा शब्द आधी भेटला तो सॉफ्टवेअरचं नाव म्हणून. परदेशातली बरीच विद्यापीठं लॉगिनसाठी याच नावाची सिस्टीम वापरतात. पण लॉगिनला असलं नाव का?

तर गोष्ट आहे बायबलच्या जुन्या करारातली, 'शास्ते' पुस्तकाच्या १२व्या अध्यायातली. गिलाद आणि एफ्राईम या इस्राएली लोकांतच लढाई जुंपली. एफ्राईमवाले हरले, घरी पळायला जॉर्डन नदीवर आले. पण नदीचा उतार गिलादवाल्यांनी अडवलेला. आता शत्रू ओळखायचा कसा? भाषा तर एकच! मग येईल त्याला सांगायचं, 'शिब्बोलेथ' म्हण. एफ्राईमवाल्यांच्या तोंडून 'सिब्बोलेथ' यायचं. 'स' ऐकला की तिथेच ठार. एफ्राईमचे ४२,००० लोक पडले, असं त्यात लिहिलंय.

म्हणजे हा असा पासवर्ड, जो पाठ करून चालत नाही. तो जिभेवरच असावा लागतो.

हे फक्त पुराणातलं नाही बरं का. १९३७ साली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या सैन्याने हजारो हैतियन लोकांना मारलं. तेव्हा पार्स्लीच्या जुडीचं स्पॅनिश नाव, 'पेरेहिल', म्हणायला लावून माणसं ओळखली, असं सांगतात. त्यातला 'र' हैतियन जिभेला जड जायचा.

आज इंग्रजीत शिबलेथ म्हणजे 'आपला की परका' ठरवणारी खूण: उच्चार, शब्द, एखादी रीत. शिवाय एखाद्या गटाने अर्थ न तपासता घोकलेलं जुनं वाक्य, त्यालाही शिबलेथच म्हणतात.

आणि मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ? एक अर्थ आहे धान्याचं कणीस.

आता गंमत बघा. हेच 'कणीस' आमच्याकडे शेतात 'कनीस' असतं. शाळेची 'साळा' होते, शेंगांच्या 'सेंगा'. म्हणजे श-स आपल्याकडेही आहेच! नदीवर कुणी तलवार घेऊन उभं नसतं, पण इंटरव्ह्यूत 'पानी' ऐकून गालात हसणारे मी पाहिलेत. त्या हसण्याने पोरगं गप्प होतं, येत असलेलं उत्तरही देत नाही.

पुढच्या वेळी कुणाचा 'न' कानाला खटकला, तर आधी त्याचं वाक्य पुरतं ऐका. कनीस काय नि कणीस काय, दाणे तेच असतात.

भेटू पुढच्या शब्दासोबत!