परदेशी अभियांत्रिकी पदवीची निवड : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा (१८८२ ते २००३)

प्रस्तावना

परदेशात जाऊन अभियांत्रिकीची पदवी घेण्याचा विचार आज वडनेर भोलजीसारख्या बुलढाणा जिल्ह्यातील गावाच्या परिसरातही होऊ लागला आहे. विद्यार्थी प्राध्यापकांकडे येतो तेव्हा त्याचे प्रश्न ठरलेले असतात : विद्यापीठ कोणते, शुल्क किती, प्रवेशपरीक्षा कोणती? ही पदवी कोणत्या कामासाठी घ्यावयाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्रातील पहिल्या पिढ्यांनी मात्र तोच प्रश्न प्रथम विचारला होता. त्या निवडीमागील कारणांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

देशातील शिक्षणाची मर्यादा

पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेला अभियांत्रिकी वर्ग हा पुढील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्रारंभ होय. सार्वजनिक बांधकाम खात्यास दुय्यम कर्मचारी पुरविणे हा त्याचा मूळ हेतू होता. रस्ते, पूल व कालवे यांसाठी लागणारे ज्ञान तेथे मिळत असे. परंतु यंत्रे निर्माण करणारा कारखानदार घडविणे हे त्या शिक्षणाचे ध्येय नव्हते. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली ती १८८७ मध्ये. तत्पूर्वीच, १८८२ मध्ये, पुण्याच्या केशव मल्हार भट यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्रवेश घेतला. तेथे शिकण्यास गेलेले ते पहिले भारतीय मानले जातात. समुद्रगमन निषिद्ध मानले जाण्याच्या त्या काळात राज्यकर्त्यांच्या इंग्लंडऐवजी अमेरिकेची निवड होणे लक्षणीय आहे. सरकारी नोकरीच्या पलीकडील उद्योगविद्येची ओढ त्या निवडीतून सूचित होते.

पदवी आणि तिची वाट पाहणारे काम

केवळ परदेशी विद्या आणून उद्योग उभा राहत नाही. त्या विद्येस सामावून घेणारी जागा येथे असावी लागते. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना निघाला. जपान व अमेरिकेत काचनिर्मितीचे शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या ज्ञानाचा त्यास लाभ झाला. लोकवर्गणीने जागा निर्माण केली आणि परदेशी शिक्षणास तेथे अर्थ प्राप्त झाला.

याहून ठळक उदाहरण किर्लोस्करांचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगराचा उद्योग तेथे वाढविला. त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी मॅसॅच्युसेट्स येथील त्याच संस्थेतून १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. परतल्यावर त्यांना काम शोधावे लागले नाही. कारखाना त्यांची वाट पाहत होता.

परतीचा प्रश्न

त्या काळात परत येणे हा केवळ देशभक्तीचा भाग नव्हता. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियातील मोठ्या प्रदेशातील लोकांच्या स्थलांतरास बंदी घातली. विद्यार्थ्यांना मात्र सूट होती. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क नाकारला. म्हणजेच शिकण्यास दार उघडे होते, स्थायिक होण्यास बंद होते. १९४६ मध्ये वर्षास सुमारे शंभर भारतीयांना प्रवेशाची मुभा मिळाली. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोट्याची जुनी पद्धत संपुष्टात आणली. त्यानंतर परदेशी पदवीचा अर्थच पालटला. जी पदवी परतून करावयाच्या कामाची तयारी होती, ती अनेकांसाठी तेथे राहण्याचा मार्ग बनली.

निवडीचा अधिकार कोणाला?

भट व किर्लोस्कर यांच्या उदाहरणांवरून सर्वांनाच ही निवड खुली होती असे समजणे चुकीचे ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अभियंते नव्हते, तथापि त्यांचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याची अट होती. १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहावयास जागा मिळू शकली नाही. पदवी होती, पदही होते. पण समाजाने जागा दिली नाही. पुढे १९४२ मध्ये सरकारला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या तसेच परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांची मागणी केली. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ मध्ये केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि २००३ मध्ये राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली, ती याच विचारधारेतील पावले होत.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, परदेशी पदवीचे मोल विद्यापीठाच्या नावाइतकेच तिच्यामागील कामाच्या निश्चितीवर अवलंबून राहिले आहे. दुसरी, परतणे वा राहणे हे विद्यार्थ्याच्या इच्छेइतकेच त्या देशाच्या कायद्यावर ठरत आले असून तो कायदा बदलत असतो. तिसरी, निवडीचा अधिकार सार्वजनिक साहाय्याविना मूठभर घरांपुरता मर्यादित राहतो. शेगाव येथे १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाल्यापासून पहिल्या पदवीसाठी आपल्या जिल्ह्याबाहेर जाणे अपरिहार्य राहिलेले नाही. जे येथे मिळत नाही ते कोणते, हे ओळखूनच परदेशाची निवड व्हावी. शेती गहाण ठेवून मुलास पाठवू पाहणाऱ्या पालकापुढे विद्यापीठांची यादी ठेवण्याआधी हा प्रश्न मांडणे आणि शिष्यवृत्तीची माहिती वेळेत पोहोचविणे, ही ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकाची जबाबदारी ठरते.