आठ डॉलर आणि एक सफरचंद



आपल्याकडे झाड वाळले की आपण उन्हाला बोल लावतो. परंतु जेथे हिवाळ्यात सरोवरेच्या सरोवरे गोठून जातात, तेथे बागवानाचा खरा वैरी थंडी हाच होय. अमेरिकेतील मिनेसोटा हा असाच प्रदेश. तेथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो.

इ. स. १८५३ मध्ये पीटर गिडियन नावाचा गृहस्थ तेथील मिनेटोंका सरोवराकाठी येऊन राहिला. त्याने सफरचंदाच्या अनेक जातींची झाडे लावली, बियाही पेरल्या. सुमारे दहा वर्षांत त्यांपैकी बहुतेक सारी थंडीने मेली. घरात दारिद्र्य होते. तरीही १८६१ साली त्याने हातातील शेवटचे आठ डॉलर मेन प्रांतातील बँगोर येथे पाठवून बिया व कलमांच्या काड्या मागविल्या. त्या हिवाळ्यासाठी नवा कोट घेणे त्याला शक्य झाले नाही. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून त्याने अंगरखा शिवला, असे सांगतात.

मेनचा हिवाळाही कडकच असतो. तिकडून आलेल्या बियांतून एक रोप तगले. त्याच्या फळाला त्याने आपल्या पत्नीचे नाव दिले : ‘वेल्दी’. १८६८ साली ही जात लोकांपुढे आली आणि थंड प्रदेशांत सर्वत्र पसरली.

थंडीने झाड मरते ते कसे? दिवस लहान होऊ लागले की थंड प्रदेशातील झाड वाढ थांबवून हिवाळ्याची तयारी करते. उबदार मुलखातून आणलेले झाड मात्र उशिरापर्यंत कोवळे धुमारे फोडीत राहते, आणि पहिल्याच कडाक्याला पेशींत बर्फ होऊन ते करपते. म्हणूनच रोप घेताना ते कोणत्या हवेत वाढलेले आहे, हे प्रथम पाहावे लागते. निवडीला मदत व्हावी म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली वर्षातील नीचतम तापमानाच्या सरासरीवरून देशाचे पट्टे पाडून नकाशा प्रसिद्ध केला. २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली.

निवडीनंतर निगा येते. शरद ऋतूत उशिरा खत घालीत नाहीत. जमीन गोठेपर्यंत पाणी मात्र देतात, कारण गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी घेता येत नाही आणि वारा ओलावा ओढीतच असतो. जमीन गोठल्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात. त्यामुळे माती वारंवार वितळत व गोठत नाही. दिवसा उन्हाने तापलेली साल रात्री गोठून तडकू नये म्हणून कोवळ्या खोडांना फिकट रंगाचे वेष्टन गुंडाळतात.

१८९९ साली गिडियन वारला. पुढे मिनेसोटा विद्यापीठाने हेच कार्य चालविले. तेथूनच १९२२ साली ‘हॅरलसन’ आणि १९९१ साली ‘हनीक्रिस्प’ ही सफरचंदे निघाली. आज बाजारात मिळणाऱ्या त्या रसाळ फळामागे अशा अनेकांच्या चिकाटीची परंपरा आहे. कोटाऐवजी बिया घेणारा एक दरिद्री माणूस तिच्या आरंभी उभा आहे.