सोळा आण्यांतून शेकड्याकडे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जुन्या मध्य प्रदेशातील जबलपूर व नागपूर ही शहरे निरनिराळ्या राज्यांत गेली. पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांपुढे एकच नवे कोष्टक आले: रुपयाचे १०० नवे पैसे.

शेकड्याची कल्पना मात्र जुनीच होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) व्याजाचा दर शंभरावरच सांगितला आहे, मराठी शाळांतील ‘द.सा.द.शे.’ म्हणजेही दर साल दर शेकडा. अडचण नाण्याची होती. रुपयाचे १६ आणे असल्याने एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के. ‘दरमहा रुपयामागे एक आणा’ हे व्याज ऐकताना किरकोळ वाटे. प्रत्यक्षात ते वर्षाला ७५ टक्के होई. ज्याला हे रूपांतर येत नसे, त्याला आपल्या कर्जाचा खरा दर उमगत नसे. दशमान नाण्यात दरमहा रुपयामागे एक पैसा म्हणजे सरळ वर्षाला १२ टक्के.

‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार भाषेत टिकला. हिशेब मात्र शंभराचा झाला.