वातीसमोरची मरीया

दार हळू लोटा. वाऱ्याची झुळूक आत शिरली तर वात थरथरेल, आणि सगळ्या सावल्या जागेवर येईपर्यंत चित्रकाराला हात आवरून बसावं लागेल.

1640 चा सुमार आहे. तुम्ही लोरेनमध्ये आहात, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या मुलखात. येताना वाटेत ओस पडलेली शेतं पाहिलीत. 1618 पासून युरोपात युद्ध पेटलंय. त्याच्यामागून प्लेग आला, दुष्काळ आला. चित्रकार जॉर्ज द ला तूरचं राहतं गाव, ल्युनेव्हील, 1638 मध्ये फ्रेंच सैन्याच्या हातून जळालं. पावसात भिजलेल्या जळक्या वाशांचा वास अजून तुमच्या नाकात आहे.

इथे मात्र एकच ज्योत. काचेच्या पेल्यात तेल, तेलात वात. वर ज्योत उंच आणि निमुळती. खाली तेलात बुडालेली वातसुद्धा दिसते. शेजारी दोन जाड पुस्तकं, लाकडी क्रूस आणि अंगावर ओढून घ्यायचा दोरीचा आसूड.

समोर बसलेल्या बाईचं नाव विचारू नका. कॅनव्हासवर ती मग्दालीया मरीया आहे : क्रुसापाशी थांबलेली, मरणातून उठलेल्या येशूला पहिल्यांदा पाहिलेली. पुढे चर्चने तिला पश्चात्तापदग्ध पापिणी ठरवलं, आणि चित्रकार तिला रडवत राहिले, आभाळाकडे बघायला लावत राहिले. ला तूर तसं करत नाही. डोळ्यांत पाणी नाही, डोक्यामागे प्रभावळ नाही. पांढरा सदरा खांद्यावरून घसरलाय, लाल घागऱ्याला कमरेशी दोरी बांधलीय. एक हात हनुवटीला. दुसरा मांडीवरच्या कवटीवर, झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. ती फक्त ज्योतीकडे बघतेय.

जरा थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. आता चित्रकाराकडे बघा. हा पाववाल्याचा मुलगा. विस्तव त्याने आधी भट्टीत पाहिला असेल, माणसांची भूक भागवणारा. मग तोच विस्तव गावावर फिरलेला त्याच्या पिढीने पाहिला. आज त्याने तो वातीएवढा करून एका बाईसमोर ठेवलाय. एवढ्या उजेडात स्वतःचं मन दिसतं, आणि मृत्यू मांडीवर घेऊनही बसता येतं. जळालेल्या मुलखात यापेक्षा मोठी प्रार्थना मला माहीत नाही.

तुम्हाला पुढचंही ठाऊक आहे. 1652 मध्ये तो जाईल आणि जग त्याला विसरेल. 1915 मध्ये हेर्मान फॉस हा जर्मन अभ्यासक त्याची चित्रं पुन्हा त्याच्या नावावर लावू लागेल. 1949 मध्ये ही मरीया पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात येईल. पण आत्ता त्याला यातलं काही सांगू नका. त्याने कुंचला पुन्हा उचललाय. बोललात तर तुमच्या श्वासानेही ज्योत हलेल.