संग्राह्य पत्त्यांचा खेळ : नवा पत्ता कसा जोखावा?

आधुनिक स्वरूपाचा पहिला संग्राह्य पत्त्यांचा खेळ म्हणजे ‘मॅजिक : द गॅदरिंग’. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने १९९३ मध्ये अमेरिकेत बाजारात आणला. बावन्न पत्त्यांच्या जोडात काय आहे, हे सर्वांना ठाऊक असते. येथे मात्र दरवर्षी नव्या मालिका येतात, पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात आणि प्रत्येक खेळाडू त्यांतून स्वतःचा जोड बांधतो. जोडात किमान ६० पत्ते हवेत. मूलभूत भूमिपत्ते वगळता एका नावाचे चारांहून अधिक पत्ते चालत नाहीत. प्रत्येकाचा डाव २० प्राणांकांनी सुरू होतो. नवी मालिका जाहीर झाली की कोणता पत्ता घ्यावा आणि कोणता सोडावा, हे पुष्कळदा तो हातात येण्यापूर्वीच ठरवावे लागते. अंदाज चुकला, तर डावाबरोबर पैसाही जातो.

मूल्य आणि मोबदला

पत्ता खेळण्यासाठी ‘मॅना’ नावाची शक्ती खर्च करावी लागते आणि ती प्रामुख्याने भूमिपत्त्यांतून मिळते. म्हणून पहिला प्रश्न हा, की खर्चाच्या मानाने मिळते काय? पहिल्याच मालिकेतील पाच पत्ते या दृष्टीने उद्बोधक आहेत. पाचांचेही मूल्य एक मॅना आणि पाचांचाही मोबदला ‘तीन’. ‘लाइटनिंग बोल्ट’ तीन अंकांचा आघात करतो, ‘डार्क रिच्युअल’ तीन मॅना देतो, ‘जायंट ग्रोथ’ एखाद्या प्राण्याचे बळ त्या पाळीपुरते तिनाने वाढवतो, ‘हीलिंग साल्व्ह’ तीन प्राणांक देतो किंवा तेवढा आघात टाळतो आणि ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ तीन पत्ते ओढू देतो. आकडा एकच असूनही शेवटच्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ इतका प्रबळ ठरला, की ‘व्हिंटेज’ या प्रकारात त्याची एकच प्रत ठेवता येते. ‘हीलिंग साल्व्ह’ला मात्र जाणते खेळाडू क्वचितच हात लावतात.

पत्त्यांचा हिशेब

या फरकाचे मूळ दुसऱ्या कसोटीत आहे. एक पत्ता खर्चून हाती किती पत्ते आले आणि प्रतिस्पर्ध्याचे किती गेले? ‘लाइटनिंग बोल्ट’ने एक प्राणी मारला, तर हिशेब बरोबरीत सुटतो. ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ एकाच्या बदल्यात तीन देतो. ‘हीलिंग साल्व्ह’ने प्राणांक घेतले, तर पत्ता जातो आणि प्रतिस्पर्ध्याचे सैन्य मात्र पटावर तसेच उभे राहते.

तुलना हा आणखी एक सोपा मार्ग. १९९८ मधील ‘शॉक’ हा पत्ता ‘लाइटनिंग बोल्ट’इतक्याच मॅनात दोनच अंकांचा आघात करतो, म्हणजे तो उघडच उणा. परंतु जेथे ‘लाइटनिंग बोल्ट’ खेळण्यास मुभा नाही, तेथे हाच ‘शॉक’ उपयोगी पडतो. तसेच, पाकिटे फोडून तेथल्या तेथे ४० पत्त्यांचा जोड बांधण्याच्या प्रकारात एखादा बलाढ्य पण महाग प्राणी डाव जिंकून देतो. पूर्वतयारीच्या वेगवान जोडांपुढे तो पटावर येईपर्यंत खेळ संपलेला असतो. दुर्मीळता हीदेखील बळाची खूण नव्हे. २००५ मधील ‘वन विथ नथिंग’ हा दुर्मीळ पत्ता खेळणाऱ्याला स्वतःच्या हातातील सर्व पत्ते टाकून द्यायला लावतो.

चुकलेले अंदाज

जाणकारांचीही फसगत झाली आहे. १९९५ मधील ‘नेक्रोपोटन्स’ नेहमीचा पत्ता ओढणे बंद करतो आणि प्रत्येक नव्या पत्त्यासाठी एक प्राणांक मागतो. आरंभी अनेकांना हा तोट्याचा व्यवहार वाटला. शेवटचा प्राणांक शाबूत असेपर्यंत उरलेले एकोणीस खर्चायलाच असतात, हे उमगल्यावर १९९६ मध्ये स्पर्धांवर त्याचेच राज्य आले.

‘स्कलक्लॅम्प’ची कथाही अशीच. तो प्राण्याची मारकशक्ती एकाने वाढवतो, सहनशक्ती एकाने घटवतो आणि तो प्राणी मेला की दोन पत्ते देतो. घटलेली सहनशक्ती हा दोष दिसतो. प्रत्यक्षात तीमुळे क्षुल्लक प्राणी हवा तेव्हा मारून दोन पत्ते मिळवता येतात. ‘स्टँडर्ड’ प्रकारात त्यावर २००४ मध्ये बंदी आली. २०१९ मधील ‘ओको, थीफ ऑफ क्राउन्स’वर तर प्रकाशनानंतर दोन महिन्यांच्या आतच त्या प्रकारात बंदी घालावी लागली. पत्ते घडवणाऱ्यांनाही त्यांचे बळ आधी पुरते कळत नाही, हेच यातून दिसते.

नवा पत्ता पाहताना म्हणून चार प्रश्न पुरेत : तो किती लवकर खेळता येतो? आपण मागे पडलो असता सावरतो का? एकटा उपयोगी आहे, की दुसऱ्या पत्त्यावाचून पांगळा? आणि त्याचा जो दोष दिसतो, तो खरोखर दोष आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा काही डाव खेळल्यावरच मिळते. तोवर महागडा पत्ता विकत घेण्याची घाई न केलेली बरी.